तुटवडा आहे, तर पगार का वाढत नाही?

अमळनेरच्या अप्पांनी, माझ्या थोरल्या चुलतभावाने, परवा घरच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, 'दोन एकर गहाण टाकू, पण पोराला इंजिनिअर करू.' मेसेज तुमच्याकडेही फिरला असेल: देशात इंजिनिअरांचा भयंकर तुटवडा आहे, अमेरिकेतसुद्धा माणसं मिळत नाहीत, कोणतीही ब्रँच घ्या, चार वर्षांनी नोकरी पक्की.

अमेरिकेचंच आधी घेऊ. 1980च्या दशकाच्या शेवटी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेतून असाच आकडा निघाला होता, 6,75,000 शास्त्रज्ञ-इंजिनिअर कमी पडणार म्हणून. 1992 साली त्यावर तिथल्या संसदेच्या समितीत सुनावणी झाली आणि आकड्याची अब्रू गेली. पदवीच्या वयाची पोरं किती घटतील, एवढ्यावरच तो हिशेब उभा होता. त्यांना कामावर घेणारे किती, हे धरलंच नव्हतं. तोवर शीतयुद्ध संपलं होतं आणि संरक्षण कारखान्यांतले इंजिनिअर घरी बसू लागले होते.

आता आपल्याकडचा तुटवडा. मालाची टंचाई झाली की भाव चढतो, हे बाजार समितीतल्या हमालालाही कळतं. मोठ्या आयटी कंपन्या नव्या पोराला दहा-बारा वर्षांपूर्वी तीन-साडेतीन लाख द्यायच्या, आजही बहुतेकांना साधारण तेवढंच देतात. मधल्या काळात खोलीभाडं आणि मेसचा खर्च कुठल्या कुठे गेला! ही कसली टंचाई?

'चार वर्षांनी नोकरी पक्की' हे सगळ्यात घातक. अप्पा, 2022च्या सुरुवातीला कापूस दहा हजारांवर गेला, आठवतं ना? पुढच्या हंगामात जो तो कापसावर तुटून पडला, भाव खाली आला आणि आणखी चढेल या आशेवर आपण कापूस घरात कोंबून ठेवला. आजी खाटेवरून उतरली की पाय कापसात. रिचर्ड फ्रीमन या अर्थतज्ज्ञाने 1976 साली इंजिनिअरांचं अगदी हेच गणित मांडलं होतं: आजचा पगार बघून पोरं प्रवेश घेतात, पण 'पीक' हाती येतं चार वर्षांनी, आणि तेव्हा सगळ्यांचंच एकदम येतं. कापूस निदान पुढच्या साली बदलता येतो.

'कोणतीही ब्रँच' यावर काय बोलायचं? मागे एआयसीटीईने, म्हणजे कॉलेजांना मान्यता देणाऱ्या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेने, नवी इंजिनिअरिंग कॉलेजं दोन-तीन वर्षं थांबवली होती, कारण होत्या त्याच जागा भरत नव्हत्या.

एक मात्र मान्य. चिप डिझाइनसारख्या ठरावीक कामांत मुरलेली माणसं खरोखर कमी आहेत. पण ती प्रवेशाच्या पावतीतून तयार होत नाहीत.

अप्पांना म्हटलं, कॉलेजात जा आणि मागच्या तीन वर्षांत त्याच ब्रँचची किती पोरं कुठे, किती पगारावर लागली, ती यादी लेखी मागा. ते गेले. त्यांना रंगीत माहितीपत्रक मिळालं, चहा मिळाला. यादी 'पुढच्या आठवड्यात'. सातबारा अजून कपाटातच आहे.