चादर बघायला

बिंदुसरा धरण भरून सांडव्यावर पाण्याची चादर सुरू झाल्याचा मेसेज सकाळी आला आणि चहा उकळायच्या आत दाजी दारात हॉर्न वाजवत होते. आमच्या बीडचे लोक लग्नाला उशिरा जातील. सांडव्यावरून पाणी पडायलंय म्हटल्यावर दाढी अर्धी टाकून निघतात.

धरण पालीला, मांजरसुंब्याच्या वाटेवर. लांब अजिबात नाही. पण अख्खं शहर त्याच वाटेला लागलेलं. आमच्या गाडीत पाचाच्या जागेत आठ माणसं, आणि आत्याच्या मांडीवर धपाट्यांचा डबा. तो डबा ठेवायला जागा नव्हती म्हणून मी दार धरून बसलो होतो.

पोचलो. बालाघाटाचे डोंगर, जे मे महिन्यात बघवत नाहीत, ते चक्क हिरवे. उतारावर सीताफळीची झुडपं, कच्ची फळं लागलेली. मला जरा निवांत बघायचं होतं. पण दाजी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले.

“एक टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट पाणी, म्हणजे किती दलघमी, दशलक्ष घनमीटर?” त्यांनी मलाच विचारलं.

मी डोंगराकडं बघत राहिलो.

“28.32! पण हे धरण टीएमसीत मोजायचंच नाही. टीएमसीत मोजायचं जायकवाडी. 102!” शेजारी कणीस खाणाऱ्या अनोळखी गृहस्थांनी मान डोलावली, आणि दाजींना श्रोता मिळाला. मग बिंदुसरा बीडचे दोन भाग करत सिंदफणेला कशी मिळते, सिंदफणा गोदावरीला कशी, हे सगळं पोरांना हातवारे करून सांगून झालं. पोरं तोवर भज्याच्या गाड्यावर पोचली होती. बायकोनं फोटो काढायला सांगितलं; प्रत्येक फोटोत तिच्या खांद्यामागून कुणीतरी ओला शर्ट पिळायलेलं.

आत्याला मात्र ना फोटो, ना दलघमी. तिची लेक लातूरला दिलेली. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा ती तिथंच होती. त्यामुळं आत्या कुठलंही धरण जमाखर्चाच्या नजरेनंच बघते.

“जावईबापू, हे पुरंल का उन्हाळ्यापस्तोर?”

“अवघड आहे. बरंचसं तर बाष्पीभवनातच जातं,” दाजी गंभीरपणे म्हणाले.

आत्यानं डबा माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि गर्दीत घुसली.

“मग गप्पा काय मारायलाव? जायच्या आत बघून तरी घ्या!”