जाळी काढू नका, साफ करा

गेल्या रविवारी ठाण्याच्या उपवन तलावाजवळ गाडी लावून उभा असताना एका तरुणाने थांबून मनापासून सल्ला दिला, "काका, सायलेन्सरची जाळी काढून टाका, मग बघा आवाज कसा येतो!" त्याला उभ्या उभ्या नीट उत्तर देता आले नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

गाडी म्हणजे १९९१ सालची यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल, ठाण्याच्या एमएच ०४ पासिंगची, बाबांनी घेतलेली. एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या तंत्रज्ञानावर ही गाडी १९८५ मध्ये भारतात आणली आणि १९९६ पर्यंत बनवली. इंजिन ९८ सीसीचे, ताकद ११ हॉर्सपॉवर आणि वजन शंभर किलोच्या आसपास. मला पुढे टाकीवर बसवून बाबा येऊरचा चढ चढवायचे, तेव्हा मांडीखाली थरथरणारी ती टाकी मला आजही आठवते.

बाबा गेल्यावर गाडी बरीच वर्षे इमारतीच्या जिन्याखाली पडून होती. दुरुस्तीला दिली, तर पहिल्याच गॅरेजमध्ये मूळ कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) काढून नकली बसवला गेला आणि जुना मला परत मिळालाच नाही. तसाच दुसरा शोधण्यासाठी कुर्ल्याच्या भंगार बाजारात चार महिने खेटे घातले. वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याने मात्र सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतली पोकळी, असा केला, की पहिल्या दिवशी पिस्टन हाताने सरकवून पाहताना मला गहिवरून आले.

आता जाळीविषयी, म्हणजे सायलेन्सरच्या आत आवाज दाबणाऱ्या भोकांच्या नळीविषयी. माझ्या गाडीचे इंजिन टू-स्ट्रोक आहे आणि अशा इंजिनाच्या सिलिंडरला फोर-स्ट्रोकसारख्या उघडझाप करणाऱ्या झडपा नसतात. पिस्टन वरखाली होताना सिलिंडरमधली छिद्रे उघडतात आणि झाकली जातात. त्यामुळे जळलेल्या वायूबरोबर पेट्रोल आणि हवेचे थोडे ताजे मिश्रणही बाहेर निसटते. सायलेन्सरचे फुगीर पोट आणि पुढे निमुळता होत जाणारा भाग अशा बेताने घडवलेला असतो, की दाबाची लाट उलटी फिरून त्यातले काही मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. म्हणजे सायलेन्सर हा इंजिनाचाच एक अवयव आहे. कार्बोरेटरच्या जेटचे, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राचे, मापही त्याच्याशी जुळवलेले असते. जाळी काढली की गोंगाट तेवढा वाढतो, हे जुळलेले गणित मात्र बिघडते. शिवाय रात्री अकरा वाजता वसंत विहारच्या गल्लीत एखाद्या आजारी माणसाची झोप मोडावी, असा या गाडीचा आवाज मुळात कधीच नव्हता.

जाळी साफ मात्र करावीच लागते. मागचा लहान बोल्ट सोडवून ती पकडीने ओढली, की जळक्या तेलाच्या काळ्या, चिकट काजळीने लडबडलेली बाहेर येते. रात्रभर डिझेलमध्ये भिजवून सकाळी तारेच्या ब्रशने घासली, की बुजलेली भोके एकेक करून मोकळी होतात. त्यानंतर गाडी उतारावर सोडून गिअर कमी केला, की तो ओळखीचा 'रिंग-रिंग' नाद येतो. खरा आवाज तोच.

टू-स्ट्रोक धूर करते, पेट्रोलबरोबर तेलही जाळते. २००० सालच्या प्रदूषण नियमांनंतर या मोटारसायकली हळूहळू बंद झाल्या, ते योग्यच झाले असे मी मानतो. म्हणूनच माझी गाडी रोज रस्त्यावर येत नाही. रविवारी सकाळी तासभर, एवढेच.

तो तरुण हे वाचत असेल, तर पुढच्या रविवारी सात वाजता त्याने उपवनला यावे. येऊरच्या चढावर गाडी त्याच्याच हातात देईन, जाळीसकट.