ट्रेडमिलचं सरासरी बिल

मंडळी, आधीच सांगतो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

वीज खात्यात नोकरी झाली, आणि त्यातली बहुतेक वर्षं मीटर तपासणीत गेली. "साहेब, मीटर पळतंय" हे वाक्य मी आयुष्यात जितक्यांदा ऐकलं, तितक्यांदा बायकोनं मला हाक मारली नसेल. त्यामुळे कुठेही आकडा चमकताना दिसला की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो: हा मोजलाय की लावलाय?

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलं. नाशिकचा पावसाळा, बाहेर चिखल, म्हणून सोसायटीच्या जिममधल्या ट्रेडमिलवर चढलो. वेग ५, चढ ४, दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरलेली. चाळीस मिनिटांनी पडद्यावर आकडा आला: २८५ कॅलरी. पावणेतीनशेही नाही, तीनशेही नाही. दोनशे पंच्याऐंशी! एवढा नेमका आकडा पाहिला की माणसाला वाटतं, आत कोणीतरी बसून मोजतंय.

आमच्या जिममधली मंडळी या आकड्यावर जगतात. रविवारी तर खाली उतरता उतरताच हिशोब होतो: "आज चारशे झाल्या, म्हणजे मिसळ चालते." आणि एक्स्ट्रा पाव, आणि "जरा तर्री वाढवा". मीही त्यांच्यातलाच होतो, उगाच सोवळं नेसून सांगत नाही. पण दोन-तीन महिने रोज २८५ जाळूनही पँटचा पट्टा आपल्या जुन्याच भोकावर. मग जुनी खोड जागी झाली.

मीटर तपासायची पहिली पायरी कुठली? लोड काढायचा आणि मीटर चालतंय का बघायचं. घरातली सगळी बटणं बंद, तरी मीटरचा लाल दिवा लुकलुकतोय, तर कुठेतरी पाणी मुरतंय. तेच केलं. दुपारी जिम रिकामी असते. ट्रेडमिल चालू केली, वेग ५, चढ ४, आणि पट्ट्यावर न चालता दोन्ही कडांवर पाय ठेवून नुसता उभा राहिलो. खाली पट्टा एकटाच फिरतोय. दहा मिनिटांत मशीननं माझ्या नावावर ७१ कॅलरी लावल्या. वॉचमन डोकावून म्हणाला, "काका, बिघडलंय का?" म्हटलं, नाही रे, एकदम व्यवस्थित चाललंय, हीच तर पंचाईत आहे.

पुढची दहा मिनिटं वजन ८० किलो टाकून: पुन्हा ७१. मग माझं खरं वजन, ६६ टाकून: ५९. म्हणजे आपण घाईत वजन न टाकता नुसतं स्टार्ट दाबतो, तेव्हा हे यंत्र आपल्याला ८० किलोचा गृहस्थ समजतं. आमच्या मजल्यावरच्या ४८ किलोच्या काकूंनाही ते ८० किलोचा गृहस्थच समजतं.

आता हे चालतं कसं, ते सांगतो. पट्ट्याचा वेग आणि चढ या दोनच गोष्टी मशीनला खऱ्या ठाऊक असतात. वजन आपण सांगू ते. बाकी सगळं सूत्र. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं चालण्याचं सूत्र प्रसिद्ध आहे. वेग मिनिटाला किती मीटर ते काढायचं. ताशी ५ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ८३ मीटर. त्याचा दहावा भाग, ८.३ मिलिलिटर ऑक्सिजन, दर किलो वजनामागे दर मिनिटाला सपाट चालण्यासाठी लागतो. चार टक्के चढासाठी आणखी ६. आणि स्वस्थ बसलं तरी लागतो तो ३.५. बेरीज १७.८. त्याला वजनानं आणि मिनिटांनी गुणायचं, आणि दर लिटर ऑक्सिजनमागे ५ कॅलरी धरायच्या. माझ्या वजनाला आणि चाळीस मिनिटांना उत्तर येतं २३५. मशीनच्या ५९ ला चारनं गुणा, जवळजवळ तेच. चोर सापडला! म्हणजे चोर कसला, बिचारं गणितच.

या २३५ मध्येही एक गोम आहे. तो ३.५ वाला भाग म्हणजे आपल्या वीजबिलातला स्थिर आकार. घराला कुलूप लावून गावाला गेलात तरी तो लागतोच. ती चाळीस मिनिटं मी सोफ्यावर पेपर वाचत बसलो असतो तरी ४६ कॅलरी गेल्याच असत्या. त्या व्यायामाच्या खात्यात कशाला? वजा करा, राहिल्या १८९. आणि मी दांडी धरून मागे रेलून चालत होतो, त्यामुळे चढाचा बराचसा भार पायांवर आलाच नाही. सूत्र हात मोकळे सोडून चालणाऱ्याचं आहे. म्हणजे १८९ सुद्धा माझ्या पदरात पूर्ण पडत नाहीत. २८५ वरून कुठे आलो बघा.

तेलाच्या भाषेत सांगू? चहाचा एक चमचा तेल म्हणजे साधारण ४५ कॅलरी. माझी चाळीस मिनिटं म्हणजे फार तर चार चमचे तेल. मिसळीवरची तर्री आठवा आणि गप्प बसा.

एक गंमत आणखी. माझ्याकडे प्लगला लावायचं छोटं मीटर आहे, ते ट्रेडमिलला लावलं. चाळीस मिनिटांत पाव युनिट. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी (खाण्याच्या पाकिटावरची कॅलरी ती हीच), म्हणजे पाव युनिटाच्या २१५. व्यायाम माझ्यापेक्षा मशीनला जास्त झाला.

घरी हे सगळं रंगवून सांगितलं तर सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही मशीनवर कशाला जाता, माझ्या घड्याळाचं बघा, ते नाडी मोजतं." अगं, नाडी मोजतंच, त्याबद्दल तक्रार नाही. २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात प्रकारची मनगटी यंत्रं साठ लोकांच्या हाताला बांधून तपासली. नाडीच्या बाबतीत सातातली सहा पाच टक्क्यांच्या आत बसली. पण कॅलरीच्या बाबतीत त्यातल्या सगळ्यात चांगल्या यंत्राची सरासरी चूक २७ टक्के निघाली आणि सगळ्यात वाईटाची ९३. आमच्या घरगुती वीजमीटरला एक टक्क्याची मुभा असते हो! २७ टक्के चुकणारं मीटर मी पास केलं असतं तर नोकरी राहिली असती का? नाडी ते कॅलरी हा पूल पुन्हा सूत्राचाच. उकाड्यानं, कडक चहानं, सासऱ्याशी वाद घालूनही नाडी वाढते. तेवढ्यानं चरबी जळत नाही. (शेवटचं उदाहरण मी तिला ऐकवलं नाही.)

बरं, वजन अगदी बरोबर टाकलं, दांडी सोडली, तरी ६६ किलोची सगळी माणसं एकसारखी थोडीच असतात? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. स्वस्थ बसल्यावर स्नायू जितकं खातात तितकं चरबी खात नाही. या दोघांना शेजारी शेजारी ट्रेडमिलवर उभं केलं आणि दोघांनी उंची-वजनाचे सारखेच आकडे टाकले, तर यंत्राच्या लेखी दोघं जुळे भाऊ.

सगळीच मशीन एका माळेची नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. चांगल्या प्रतीची व्यायामाची सायकल पायडलवरचा जोर खरोखर मोजते, वॅटमध्ये. तिच्याबद्दल मला आदर आहे. माणसाचं शरीर हे जेमतेम २० ते २५ टक्के कार्यक्षमतेचं इंजिन, बाकी सगळी उष्णता. आणि एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८ किलोज्यूल. या दोन गोष्टी एकमेकींना इतक्या छान कापतात की सायकलवर जेवढे किलोज्यूल काम केलंत, जवळपास तेवढ्याच कॅलरी शरीरानं खर्च केल्या. ७५ वॅटनं चाळीस मिनिटं म्हणजे १८० किलोज्यूल, म्हणजे साधारण १८० कॅलरी. हे मीटर रीडिंग. पण आमच्या जिममधली सायकल तसली नाही. ती नुसती चाकाचे फेरे मोजते आणि बाकीचं मनानं लावते.

कॉन्सेप्ट-टू कंपनीचं होडीसारखं वल्हवायचं यंत्रही वॅट मोजतं, पण कॅलरी दाखवताना माणूस १७५ पौंडांचा, म्हणजे ७९ किलोचा धरतं. ते कंपनी स्वतःच सांगते आणि आपल्या वजनाप्रमाणे दुरुस्तीही करून देते. असा प्रामाणिकपणा असला की माझं काही म्हणणं नाही. ते दोन्ही दांड्या मागेपुढे ओढायचं इलिप्टिकल मात्र सगळ्यात उदार. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमासाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात छोटी चाचणी झाली, त्यात सायकल ७ टक्के फुगवत होती, ट्रेडमिल १३ आणि इलिप्टिकल ४२! कारण उघड आहे. चालण्याचं सूत्र सगळ्यांना लागू पडतं, पण प्रत्येक कंपनीच्या इलिप्टिकलची चाल वेगळी.

खरं मोजायचं तर तोंडाला मास्क लावून, आत किती ऑक्सिजन गेला आणि बाहेर किती आला, हे बघावं लागतं. ते प्रयोगशाळेत. सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये बसत नाही.

घराला कुलूप असलं आणि रीडिंग घेता आलं नाही, की आम्ही काय करायचो? सरासरी बिल लावायचो. त्यात कोणाला फसवायचा हेतू नसायचा, पण ते बिल वापराचं नव्हे, अंदाजाचं, हे त्या बिलावर स्पष्ट छापलेलं असायचं. माझं भांडण एवढंच आहे. ट्रेडमिलनं २८५ च्या जागी 'अंदाजे १५० ते २८०' लिहावं, मी उद्यापासून तिची आरती करीन. तसं लिहिलं की कोणाला मिसळ परवडणार नाही, हा भाग वेगळा.

"मग बघायचं काय?" असं जिममधल्या एकानं जरा चिडूनच विचारलं. मी म्हटलं, मिनिटं बघ, चढ बघ, हात सोडून चालता येतंय का बघ. गेल्या महिन्यात जिथे धाप लागायची तिथे आता बोलता येतंय का बघ. त्याचा चेहरा पडला. आकडा काढून घेतला की माणूस पोरका होतो, हे मला ग्राहकांच्या अनुभवावरून माहीत होतंच.

परवा मी पडद्यावरच्या कॅलरीच्या चौकोनावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली. संध्याकाळपर्यंत कोणीतरी काढून टाकली. काल पुन्हा लावली. आज सकाळी पाहिलं तर टेप जागेवरच होती, पण तिच्यावर पांढऱ्या पेननं कोणीतरी लिहून ठेवलं होतं: ४००.