बाराव्या वर्षी दोन लेकरांची आई

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आयुष्मान वय वंदना कार्डाच्या (सत्तरी पूर्ण केलेल्यांना मोफत उपचारांसाठी सरकार देते ते कार्ड) शिबिराची छायाचित्रे आली. मांडव, सतरंज्या, पुठ्ठ्याचे हातभर लांबीचे कार्ड आणि ते धरून उभ्या असलेल्या तीन आजी, असे सगळे त्यात होते. त्याला माझी काहीच हरकत नाही. परंतु त्याखाली एका सद्गृहस्थांनी लिहिले की, "सरकार दारात येऊन देत आहे, तरी ज्यांनी कार्ड काढले नाही ते निव्वळ आळशी", आणि त्यावर भराभर अंगठे पडले. तिथे उत्तर दिले असते तर वाद झाला असता, म्हणून इथे लिहीत आहे. इथली माणसे मला ओळखतात आणि म्हातारी माणसे हौसेने रांगेत उभी राहत नाहीत हे तुम्हाला समजावून सांगावे लागत नाही.

माझी आत्या सिन्नरजवळ राहते. जन्मभर तिने विड्या वळल्या. पान भिजवायचे, कात्रीने कापायचे, तंबाखू भरून वळायचे, तोंड मुडपायचे आणि संध्याकाळी हजाराच्या हिशेबाने मोजून द्यायचे, हे काम तिने इतकी वर्षे केले की तिच्या उजव्या हाताच्या बोटांची टोके आता काचेसारखी गुळगुळीत झाली आहेत. बहात्तरच्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होती, तेव्हा थोरली मुलगी बरोबर असे आणि धाकटा मुलगा झोळीत असे. त्या वेळी वाटलेल्या सुकडीची चव ती अजून सांगते. मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून १९७० ही तारीख आहे. (१ जून म्हणजे काय, हे महाराष्ट्रात वेगळे सांगायला नको. आमच्या पिढीतील निम्म्या लोकांना गुरुजींनीच जन्माला घातले आहे.)

आणि आत्याच्या आधार कार्डावर तिची जन्मतारीख आहे १ जानेवारी १९६०. म्हणजे आधार कार्ड खरे मानले तर माझी आत्या दहाव्या वर्षी आई झाली आणि बाराव्या वर्षी दोन लेकरांना घेऊन खडी फोडत होती.

ही तारीख आली कुठून? आधारचा देशातील पहिला क्रमांक २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला. त्यानंतर लवकरच आत्याच्या गावातही शिबिर भरले. तिथे बसलेल्या माणसाने वय विचारले, आत्या म्हणाली, "असंल पन्नास", आणि त्याने तेवढ्यावर वर्ष टाकले. जन्म घरी झालेला, शाळेचा उंबरा पाहिलेला नाही. दुसरे ती काय सांगणार होती? त्या वेळी त्या तारखेला काही महत्त्वही नव्हते.

आता आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने आयुष्मान योजना सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या सर्वांना खुली केली. उत्पन्नाची अट नाही, पिवळे-केशरी-पांढरे रेशनकार्ड पाहायचे नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार मोफत. निर्णय उत्तम आहे, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी मला राजकारण शिकवायला येणार नाही. माझे सासरे निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचे कार्ड चहा होईपर्यंत मोबाइलवर निघाले. पण या खुल्या दारावर एकच पहारेकरी बसवला आहे: वय आधार कार्डावरचेच धरायचे. सासऱ्यांकडे मॅट्रिकचे प्रमाणपत्र होते, म्हणून त्यांच्या आधारवर खरी तारीख आली. ज्यांच्याकडे आयुष्यभर कागद होते त्यांना कार्ड मिळाले.

आत्याला घेऊन मी सेवा केंद्रावर गेले होते. आधी बोटे लावली, ती उमटेनात. केंद्रावरच्या मुलाने ती ओल्या फडक्याने पुसली, पुन्हा दाबली, मग दुसऱ्या हाताची घेतली. ओटीपी मागवावा तर आधारला जोडलेला क्रमांक माझ्या दिवंगत मामांचा, आणि ते सिमकार्ड केव्हाच बंद पडलेले. शेवटी चेहऱ्यावरून ओळख पटवायची ठरली. मोबाइल समोर धरून तो म्हणाला, "आजी, पापण्यांची उघडझाप करा." आत्याने दोन्ही डोळे घट्ट मिटले आणि देवासमोर बसावे तशी बसून राहिली. आम्ही सगळे हसलो, तीही हसली, आणि मग जमले. यंत्राने तिला ओळखले, नाव आले, फोटो आला. वय आले पासष्ट. अपात्र.

त्या मुलावर मी उगाच आवाज चढवला असता, पण त्यानेच खाली मान घालून सांगितले की, "ताई, रोज अशा चार-पाच आजी परत जातात." त्याला पगार तो काय असेल, पण तो आत्याला हात धरून पायऱ्या उतरवून गेला.

आता राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, हे आधार प्राधिकरणाने स्वतः परिपत्रक काढून सांगितले आहे. भविष्य निर्वाह निधी संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०२४ रोजी एका अपघात भरपाईच्या प्रकरणात मृताचे वय आधारवरून ठरवणे चुकीचे मानले आणि शाळेच्या दाखल्यावरील तारीख ग्राह्य धरली. आणि त्यानंतर पाचच दिवसांनी, २९ ऑक्टोबरला, जी योजना सुरू झाली तिच्यात वय कशावरून ठरवायचे? आधारवरून! एका खात्याने नापास केलेला कागद दुसऱ्या खात्याने परीक्षक म्हणून नेमला आहे आणि याचे कुणाला काहीच वाटत नाही.

तारीख दुरुस्त करून घ्या, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यासाठी जन्माचा दाखला किंवा शाळेचा दाखला आणा म्हणतात, म्हणजे जे नाही म्हणून घोळ झाला तेच आणा. बरे, आपल्याच राज्यात श्रावणबाळ योजनेच्या निवृत्तिवेतनासाठी वयाचा पुरावा म्हणून मतदार यादीचा उतारा चालतो, ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा दाखलाही चालतो. डॉक्टर माणसाकडे बघतात, तपासतात आणि वय लिहून देतात. मतदार यादीत आत्याचे वय बहात्तर आहे. महिन्याच्या पैशांसाठी जे वय शासनाला पटते, ते इस्पितळात का पटू नये? लबाडी होईल म्हणाल तर होईल थोडी, मान्य आहे. पंचावन्न वर्षांचा एखादा माणूस सत्तरीचा होऊन येईलही. पण त्याला पकडायला डॉक्टर पुरे, त्यासाठी हजार खऱ्या म्हाताऱ्यांना माघारी पाठवायचे कारण नाही.

आणखी एक मुद्दा कुणीतरी काढणारच, म्हणून सांगते. होय, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता रेशनकार्डावर प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांचे संरक्षण आहे आणि आत्याचे घरही त्यात बसते. तेवढे श्रेय ज्याचे त्याला. पण ते पाच लाख अख्ख्या कुटुंबाचे आहेत. तो झोळीतला मुलगा आता पन्नाशीच्या पुढे आहे, त्याची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत आणि त्याचे डायलिसिस याच योजनेतून चालते. आत्याला चालताना छातीत दुखते, डॉक्टरांनी अँजिओग्राफी करायला सांगितली आहे, आणि ती करत नाही. योजनेत अजून किती रक्कम शिल्लक आहे हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून विचारून घेऊ, असे मी तिला परोपरीने सांगितले. ती म्हणाली, "त्याचं मशीन चालू दे आधी. माझ्यापायी त्यातलं कमी नको." वय वंदना कार्डाचे पाच लाख तिच्या नावाचे वेगळे असते. सुनेच्या, नातवाच्या आजारपणाने त्यांना हात लागला नसता. या योजनेचे खरे मोल हे आहे, आणि ते शिबिरातल्या एकाही भाषणात कुणी सांगितले नसेल.

आमच्या गटातल्या त्या गृहस्थांचा मला आता तितकासा राग नाही. त्यांच्या आईचे कार्ड निघाले, त्यांना आनंद झाला, त्या भरात लिहिले असेल. पण आळशी हा शब्द त्यांनी मागे घ्यावा. पोटात भाकरी नसताना खडी फोडणाऱ्या बाईला आळशी म्हणण्याआधी माणसाने आपले हात एकदा पाहावेत.

आधारच्या हिशेबाने माझी आत्या १ जानेवारी २०३० रोजी सत्तर वर्षांची होईल. छातीतले दुखणे तोवर थांबेल असे कुणी लिहून देणार असेल तर मीही गप्प बसते.

तुमच्यापैकी कुणी जन्माचा आणि शाळेचा असे दोन्ही दाखले नसताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाची आधारवरील जन्मतारीख दुरुस्त करून घेतली असेल, तर कोणता कागद चालला आणि कोणत्या कार्यालयात काम झाले, तेवढे खाली लिहावे. तहसील कार्यालयात किंवा आरोग्य खात्यात कुणाची ओळख असेल तर मला निरोप पाठवावा. हेल्पलाइनला फोन करा, असे कृपा करून लिहू नये. तो करून झाला आहे, आणि पलीकडून आत्याची जन्मतारीख विचारण्यात आली.