जुनी शिकारीची रायफल: ठेवायची की काढायची?

जुनी रायफल हातात आली की बहुतेकांची नजर आधी दस्त्यावर जाते. लाकडावर ओरखडे, पोलादावरची निळसर झळाळी उडालेली, की लगेच "आता हिच्यात काय राहिलंय!" मला हे अजिबात पटत नाही. रायफलचा निकाल नळीत आणि बोल्टमध्ये, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यात लागतो.

रायफल रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा, बोल्ट काढा आणि मागच्या बाजूने नळीतून उजेडाकडे बघा. आतल्या पिळांच्या, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या खाचांच्या कडा धारदार दिसतात की काळपट, खड्डे पडलेल्या? जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या प्रायमरमध्ये, बऱ्याचदा पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचा क्षार नळीत उरतो आणि मिठासारखा हवेतला ओलावा ओढतो. तो तेलाने निघत नाही, पाण्यानेच धुवावा लागतो. हे न केल्यामुळे चांगल्या चांगल्या नळ्या आतून गंजल्या आहेत. तरीही थोडे खड्डे दिसले म्हणून लगेच मोडीत काढू नका. अशा कितीतरी नळ्या अजून नेम धरतात. उलट नळीच्या तोंडाच्या कडेला लागलेला बारीकसा टवका गोळी भरकटवतो.

एका बाबतीत मात्र तडजोड नाही, हेडस्पेस. म्हणजे बंद बोल्टच्या तोंडापासून नळीत काडतूस जिथे अडतं तिथपर्यंतचं अंतर. जाणकार कारागिराकडून गेज, म्हणजे काडतुसाच्या जागी घालायचं मापाचं साधन, लावून घ्या. बोल्ट 'गो' गेजवर बंद व्हायला हवा, 'नो-गो'वर होता कामा नये. झाडलेल्या पुंगळीच्या बुडाजवळ तडा दिसला तर तिथेच थांबा. अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड कारखान्यातल्या 1903 मॉडेलच्या, आठ लाखांखालच्या क्रमांकाच्या रायफली तर चालवूच नयेत. घडवताना पोलाद किती तापलंय हे तेव्हा डोळ्यांनी, रंगावरून ठरवत. त्यामुळे काहींचं पोलाद ठिसूळ राहिलं. त्यातल्या बऱ्याच पुढे शिकारीसाठी बदलून घेतल्या गेल्या, म्हणून हे सांगतोय.

मग काडतूस. थर्टी-ऑट-सिक्स 1906 चं, पण आजही सर्रास बनतं. बनणंच बंद झालेलं काडतूस लागत असेल तर रायफल कितीही देखणी असो, ती भिंतीवरच राहणार.

आणि कृपा करून, निर्णय होण्याआधी ती घासूनपुसून नवी करायला देऊ नका. 1964 पूर्वीच्या विंचेस्टर मॉडेल 70 ला संग्राहक जास्त पैसे मोजतात, ते मूळ रूपासाठी. दुर्बिणीसाठी पाडलेली दोन नवी भोकंसुद्धा ती किंमत उतरवतात.

नळी गेली पण बाकी सांगाडा माउझर 98 सारखा भक्कम असेल, तर मी नवी नळी बसवून ती ठेवेन. साध्या रायफलवर तो खर्च करणार नाही.