पासपोर्ट, पामर्स्टन आणि पिरियसचं बंदर

परवा रात्री वकील कट्ट्यावर आला तोच तावातावाने. त्याचा भाचा आखातात वेल्डर आहे आणि तिथल्या मालकाने त्याचा पासपोर्ट तीन महिने स्वतःच्या कपाटात अडकवून ठेवलाय. दूतावासाकडे दोन अर्ज गेले, उत्तर एकाचंही नाही. "सरकार असावं तर पामर्स्टनसारखं," वकील म्हणाला. "एका माणसासाठी आरमार धाडलं होतं त्याने!"

मास्तरांनी हयातभर इतिहास शिकवलाय. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "कशापायी धाडलं तेही सांग की."

वकिलाला पुढचं माहीत नव्हतं, तेव्हा मास्तरच सांगू लागले. पामर्स्टन तेव्हा इंग्लंडचा परराष्ट्रमंत्री होता. डॉन पॅसिफिको हा अथेन्समधला ज्यू व्यापारी, एके काळचा पोर्तुगालचा कॉन्सुल. जन्म जिब्राल्टरचा म्हणून ब्रिटिश प्रजाजन. ईस्टरला, येशूशी दगा करणाऱ्या ज्यूडासचा पुतळा जाळायची अथेन्सची प्रथा. १८४७ साली रॉथ्सचाइल्ड या बड्या ज्यू सावकार घराण्यातला पाहुणा शहरात होता, म्हणून सरकारने ती बंद ठेवली. चिडलेल्या जमावाने पॅसिफिकोचं घर फोडलं, लुटलं. त्याने भरपाई मागितली ती साडेएकतीस हजार पौंडांच्या वर. पलंग, सोफा, बायकोचे दागिने, सगळ्याची यादी. त्यातले सव्वीस हजारांहून जास्त पौंड मात्र पोर्तुगालकडून येणं असल्याच्या कागदांपोटी होते, आणि ते कागद दंगलीत गेले असं त्याचं म्हणणं. जानेवारी १८५० मध्ये ब्रिटिश अ‍ॅडमिरल पार्करची जहाजं अथेन्सच्या पिरियस बंदराच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, ग्रीकांची गलबतं पकडली गेली. ग्रीसच्या स्वातंत्र्याला ब्रिटनसोबत फ्रान्स आणि रशियाचीही हमी होती. फ्रान्सने संतापून लंडनमधला आपला राजदूतच परत बोलावला.

"मग चुकलं काय?" नाना म्हणाले. "परक्या गावात एकटा ज्यू. त्याच्यामागे दुसरं कोण उभं राहणार होतं? त्याच्या यादीची टिंगल करणारे पुष्कळ होते. पामर्स्टन उभा राहिला."

नानांचं हे मला तेव्हाही पटलं, आजही पटतं. घर फुटलेल्या माणसाचं बिल फुगलेलं असलं म्हणून त्याचं घर फुटलं नव्हतं असं होत नाही.

पण अडचण पुढे आहे. पॅसिफिको ग्रीसच्या कोर्टाची पायरी चढलाच नव्हता, थेट लंडनकडे गेला. ब्रिटिश संसदेच्या वरच्या, लॉर्ड्सच्या सभेने ३७ मतांनी सरकारवर ठपका ठेवला. त्यानंतर २५ जूनच्या रात्री पामर्स्टन खालच्या सभागृहात, कॉमन्समध्ये चार तासांहून अधिक बोलला. जुन्या काळी 'मी रोमन नागरिक आहे' एवढं म्हटलं की माणूस निर्धास्त असे, तसाच ब्रिटिश प्रजाजन जगात कुठेही असो, इंग्लंडचा हात त्याच्यापर्यंत पोचेल, असा त्याचा सूर. सरकार ४६ मतांनी तरलं. त्याच सभागृहात विरोधात बोललेल्या ग्लॅडस्टनने दिलेलं उत्तर मला जास्त मोलाचं वाटतं: रोमन नागरिक हा जिंकलेल्यांच्या उरावर बसलेल्या जातीतला होता, इतरांना नसलेले हक्क त्याला होते. तीच जागा आपल्याला हवी आहे का?

"भाषणं सोड रे," वकील म्हणाला.

मग मी त्याला केफॅलोनिया सांगितलं. ग्रीसच्या पश्चिमेची आयोनियन बेटं तेव्हा ब्रिटिश संरक्षणाखाली होती. तिथल्या माणसांना ग्रीसमध्ये झालेला त्रास हाही पार्करच्या मागण्यांत होता. आणि १८४९ साली त्याच बेटांपैकी केफॅलोनियात उठाव झाला, तेव्हा ब्रिटिश हायकमिशनर वॉर्डने २१ जणांना फासावर चढवलं, कित्येकांना फटके मारले. ग्रीक शिपायाने हात लावला तर ते इंग्लंडचं माणूस, आणि इंग्लंडच्या फटक्यांखाली आलं की कोणीच नाही?

आणि डेन्मार्क. जुलै १८६३ मध्ये, आता पंतप्रधान असलेला पामर्स्टन सभागृहात म्हणाला की डेन्मार्कच्या हक्कांवर कोणी घाला घातला तर त्याची गाठ एकट्या डेन्मार्कशी नसेल. सात महिन्यांत प्रशिया आणि ऑस्ट्रियाच्या फौजा डेन्मार्कच्या राजाकडे असलेल्या श्लेसविगमध्ये शिरल्या आणि डेन्मार्क एकटाच लढला. पिरियसपुढे जहाजं होती, कारण समोर दुबळा ग्रीस होता. प्रशियाच्या बिस्मार्कपुढे नव्हती. माझं सगळं म्हणणं एवढ्यातच आलं.

"आणि खर्च कोणाचा?" मास्तर मध्येच म्हणाले. पामर्स्टन गेल्यावर दोन वर्षांनी, १८६७ मध्ये, अ‍ॅबिसिनियातले, म्हणजे आजच्या इथियोपियातले, कैदेत पडलेले युरोपीय सोडवायला ब्रिटिश सेनापती नेपियरची फौज निघाली ती मुंबईहून. हत्तीसुद्धा इथूनच गेले. त्या मोहिमेतल्या हिंदी शिपायांचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून गेला. इंग्लंडचा हात पोचला तो इथल्या शेतसाऱ्यावर, मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला होता.

वकील बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे माझ्या भाच्यासाठी कोणी काही करायचंच नाही?"

"करायचं ना! पॅसिफिकोच्या त्या पोर्तुगालच्या कागदांचं शेवटी काय झालं माहितीये? आरमार परत गेलं आणि लवादाने शांतपणे कागद तपासले. सव्वीस हजारांच्या जागी १५० पौंड ठरले. तुझ्या भाच्याचं येणं खरं आहे. ते नीट मांड." मास्तरांनी वही मागितली. "पासपोर्ट कोणत्या तारखेला घेतला? कोणाच्या हातात दिला? तेव्हा शेजारी कोण होतं?"

वकिलाच्या दोन्ही अर्जांत यातलं काहीच नव्हतं. त्याने तिथूनच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तिकडे भांड्यांचा आवाज येत होता.

"मामा, थांब जरा," भाचा म्हणाला, "तारीख डायरीत लिहून ठेवलीय मी."