पहाटेची हवा थंड असते, म्हणून शुद्ध नसते

‘मुंबईकरांनो, घाबरू नका’ असा एक लांबलचक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्यात ठासून सांगितलंय की थंडीत मुंबईवर दिसतं ते निव्वळ धुकं आहे आणि समुद्र असल्यामुळे इथली हवा आपोआप साफ होते. दम्याच्या लोकांनी पंप (इनहेलर) बंद करावा, गुळाचा खडा खाऊन पहाटे पाचला चालायला जावं. तेही जमत नसेल तर दोन महिने गावी राहावं, तिथली हवा शुद्धच. निफाडच्या मामांनी तो आईला पाठवला आणि आईने खरोखर पंप कपाटात ठेवून दिला. तिचा दमा जुना आहे. त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

धुक्याचं आधी उरकते. धुकं ऊन चढलं की विरतं. आपल्याकडचं हे करडं आवरण दुपारी बारालाही तसंच असतं आणि घशाला खवखवतं.

समुद्राबद्दल अर्धं खरं आहे, ते मान्य. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे मुंबईची हवा हलती ठेवतात. पावसाळ्यात तर हवा धुऊन निघते. पण थंडीत हे वारे उशिरा सुटतात, कधी मंदावतात, आणि रात्री मतलई वाऱ्यांबरोबर समुद्रावर गेलेली घाण दिवसा परतही येऊ शकते. ऑक्टोबर २०२३मध्ये महापालिकेला बांधकामांभोवती उंच पत्रे लावायचे नियम काढावे लागले आणि मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, ते काय समुद्र आटला होता म्हणून?

आता पहाटेचं. सगळ्यात घातक सल्ला हाच. थंडीच्या रात्री जमीन लवकर निवते आणि तिच्यालगतची हवाही थंड, जड होते. वर उबदार हवेचा थर बसतो. खालचा धूर आणि धूळ त्या थराला भेदून वर जात नाही, वाराही पडलेला असतो. रात्रभर ट्रकांचा, शेकोट्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर त्याच उथळ थरात साठतो. ऊन तापून हवा वर उचलली जाईपर्यंत, म्हणजे सकाळी बऱ्याच उशिरापर्यंत, ही कोंडी सुटत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ अ‍ॅप उघडा, जवळच्या केंद्राचे थंडीतले तासातासाचे आकडे बघा. पहाट आणि दुपार यांतला फरक समजायला डॉक्टर लागत नाही. आई जाते त्या शिवाजी पार्कात तर लाल मातीची भर. समोरच्या इमारतींत सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कठड्यावर संध्याकाळी बोट फिरवलं तर बोट तांबडं होतं. तीच धूळ भराभर चालताना आपण तोंडाने ओढतो.

गुळाबद्दल ‘संशोधनाने सिद्ध’ असं मेसेजात लिहिलंय. संशोधन आहे, खोटं कशाला बोलू. १९९४ साली लखनौच्या शास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गूळ दिल्यावर फुप्फुसातले कोळशाचे आणि सिलिकाचे कण बाहेर पडायला मदत होते असं त्यात दिसलं. पण दिसलं ते उंदरांत! दमा असलेल्या माणसाने पंप सोडून गूळ खावा, असं त्यात कुठेही नाही. दम्यात श्वासनलिका सुजतात आणि आवळतात. रोजच्या पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजलं जातं, थेट त्या सुजेवर जातं, आणि त्याचं व्यसन लागत नाही. बंद केलं की सूज हळूहळू वाढते. दोन-चार दिवस काही जाणवत नाही, म्हणूनच लोक फसतात.

राहिलं गाव. निफाडची थंडी म्हणजे राज्यातली सगळ्यात कडक थंडींपैकी एक. डिसेंबर-जानेवारीत पारा उतरला की द्राक्षमण्यांची वाढ थांबते, मणी तडकतात. म्हणून मामांसारखे बागायतदार रात्री बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात, ओलसर पालापाचोळा टाकून मुद्दाम धूर करतात. तो धूर पहाटे वेलींच्या उंचीवर चादरीसारखा पसरून राहतो, कारण मुंबईत आहे तीच कोंडी तिथेही आहे. वर भुरी-डावणी या द्राक्षांवरच्या रोगांसाठी ब्लोअरने फवारण्या, घरात पाणी तापवायची चूल. बागा वाचवायला हे करावं लागतं, त्यात शेतकऱ्याला दोष नाही. तिथे ना बांधकामाची धूळ, ना आपल्यासारखी वाहनांची गर्दी, हेही खरं. पण बहुतेक तालुक्यांच्या गावी हवा मोजायचं यंत्रच नसतं. आकडा दिसत नाही म्हणजे हवा शुद्ध, हे कुठलं गणित?

मामांना फोन करून हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘अगं, मला वाटलं चांगलं आहे, म्हणून पुढे पाठवलं.’ त्यांचा हेतू चांगलाच होता. पण ज्या ज्या ग्रुपवर तो गेलाय तिथे त्यांनीच ‘पंप बंद करू नका’ एवढं तरी लिहावं, असं मी त्यांना सांगितलंय. तुमच्या घरी कुणी पंप कपाटात ठेवला असेल तर आजच बाहेर काढा, डॉक्टरांना विचारून परत सुरू करा. चालणं सोडू नका, फक्त वेळ बदला. आई आता दुपारी चारनंतर जाते.